गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ता सुमारे 1501 साली पोर्तुगालमधील काश्तेलो द विद या गावी जन्मला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. 1492 च्या हद्दपारीनंतर ते पोर्तुगालात आले आणि तिथे 1497 मध्ये सर्वच ज्यूंबरोबर त्यांनाही सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले. ओर्ता सालामांका व आल्काला येथे वैद्यक शिकला, लिस्बनला अध्यापनही केले. 1534 मध्ये पोर्तुगीज सेनानी मार्तिम आफोंसो द सौझाचा वैद्य म्हणून तो भारताकडे निघाला आणि पुढे गोव्यात स्थायिक झाला.

वैद्यकी आणि व्यापार तो बरोबरच करी. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, तिथल्या हकिमांशी वाद घातले. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजाकडून वार्षिक खंडाने मिळाले होते; तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोन बहार येतात, हे तो कौतुकाने नोंदवतो.

10 एप्रिल 1563 रोजी त्याचा एकमेव ग्रंथ, भारतातील औषधींवरील संवाद, गोव्यात छापला गेला. छपाई इतकी सदोष होती की लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. तरी याच ग्रंथात लुईश द कामोंइश या महाकवीची कविता पहिल्यांदा छापली गेली. ग्रंथात मुख्यतः दोन माणसे बोलतात. एक स्वतः ओर्ता. दुसरा रुआनो, स्पेनहून नुकताच आलेला, पोथ्यांत मुरलेला काल्पनिक वैद्य. रुआनो गालेन आणि दियोस्कोरिदीस या प्राचीन ग्रीक वैद्यांचे दाखले देतो. ओर्ता बाजारातून, बागेतून वस्तूच मागवून पुढे ठेवतो. स्पेनमध्ये असतो तर गालेनविरुद्ध बोलायची छाती झाली नसती, अशी कबुलीही तो देऊन टाकतो. दालचिनी, मिरी, कापूर, अफू, हिंग यांचे उगम, व्यापार आणि उपयोग असे उलगडत जातात.

सर्वांत मोलाचा भाग पटकीचा. संवाद चालू असतानाच रोग्याकडून बोलावणे येते. क्षीण नाडी, गार पडलेले अंग, खोल गेलेले डोळे, पेटके, न शमणारी तहान: रोगी एका दिवसातही दगावतो, असे तो सांगतो. स्थानिक लोक या रोगाला मोडशी म्हणत, तेही त्यात आहे. आशियाई पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले हे अगदी आरंभीचे वर्णन.

हिंदू वैद्यांना शरीररचना ठाऊक नाही, ते केवळ अनुभवाने बरे करतात, असा त्याचा शेरा आहे. तो थोडा अन्यायाचाच. संस्कृत वैद्यकग्रंथ त्याने वाचले नव्हते, आणि अनुभवाचा मोठेपणा तर तो स्वतःच पानोपानी गातो. मात्र या वैद्यांकडून शिकलेले तो लपवत नाही.

लपवायचे होते ते दुसरेच. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांचा छडा लावणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले. ओर्ता 1568 मध्ये वारला तेव्हा त्याला कोणी हात लावला नव्हता. पुढच्याच वर्षी गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारिना जिवंत जाळली गेली. 1580 मध्ये त्याची हाडेही उकरून जाळण्यात आली.

ग्रंथ तोवर युरोपभर गेला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलुस क्लूसियुसने 1567 मध्ये अँटवर्पला त्याचा लॅटिन सारांश छापला. त्यात संवाद गाळून वनस्पतींची माहिती तेवढी ठेवली. त्यामुळे युरोपातील बहुतेक वाचकांना रुआनो आणि निजामशहाचा दरबार भेटलेच नाहीत. काउंट ऑफ फिकाल्यू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ पोर्तुगीज संवाद टिपांसह पुन्हा छापले, आणि 1913 मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅमचा इंग्रजी अनुवाद आला.