नाशिकात उणे ४०

६ जानेवारी
गाडी पुन्हा गचके देतेय. ॲव्हरेज १७ वरून १२ वर. गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, बिल लावलं. धूर काळा तो काळाच. आता म्हणतात, इंजेक्टर. ‘बघते’ म्हणाले आणि गाडी घरी आणली.

८ जानेवारी
शेजारच्या मुलाचा ब्लूटूथ स्कॅनर आणला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खुपसायचा, आकडे फोनवर. कोड निघाला पी०११३: आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. लगेच नवा सेन्सर मागवायला निघाले होते. मग नीट वाचलं. कोड सर्किटबद्दल बोलतोय. तुटलेली तार, ढिला कपलर, मेलेला सेन्सर, तिघांनाही हाच कोड. वर्गात ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून ओरडणारी मीच!

९ जानेवारी
सकाळी सात. गाडी रात्रभर उभी. इंजिन न लावता नुसती किल्ली फिरवली. कूलंट ११, हवा ११, अंगणातला थर्मामीटर १०. सगळे गुण्यागोविंदाने. दुपारी बाजारातून परतताना गचका बसला, फोनवर पाहते तर हवा उणे ४०! तिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच, म्हणजे एककावर खापर फोडायची सोय नाही.

सेन्सरच्या आत बसलाय थर्मिस्टर. थंडीत रोध वाढतो, उन्हात घटतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्याच्या तारेवर ५ व्होल्ट ठेवतो आणि किती उतरले ते पाहतो. वाट तुटली की ५ च्या ५ तसेच राहतात आणि त्याला वाटतं, बाहेर सियाचीन आहे. थंड हवा दाट, म्हणून पेट्रोल जास्त. ३० अंशांची हवा उणे ४० ची धरली तर केल्व्हिनमध्ये ३०३ भागिले २३३, म्हणजे ३० टक्के जादा. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जमेल तेवढं पेट्रोल कापतो, पण कुठवर पुरणार?

११ जानेवारी
गाडी तापवली, उणे ४० येऊ दिलं, मग कपलर काढला. चार तारा, कारण दाबाचा सेन्सरही त्याच डबीत. वायरिंगच्या नकाशात दोनदा पाहून तापमानाची आणि अर्थची तार जोडली (५ व्होल्टच्या पुरवठ्याची तार अर्थला लागली असती तर नवंच दुखणं). फोनवरचा आकडा उणे ४० वरून थेट शंभरापार. म्हणजे तारा आणि ईसीयू निर्दोष.

दहाच्या पान्याने सेन्सर काढला. मल्टीमीटरवर २.६ किलोओहम. लेकीचा हेअर ड्रायर लांबून धरला. २.२. १.८. १.४. पुस्तकातला आलेख जणू डोळ्यांसमोर उतरत होता. १.१ ला आला आणि एकदम ‘ओएल’. वाट बंद. ड्रायर बाजूला केला, अर्ध्या मिनिटात आकडा परत. तीनदा केलं, तीनदा तेच. आत कुठेतरी जोड सुटलाय, तापला की फाकतो. लेक म्हणाली, “आई, ड्रायर जळला तर नवा तू घेऊन देणार.”

१३ जानेवारी
नवा सेन्सर बसवला. भर दुपारी तासभर फिरवली. हवा ३४, ३६, ३५. धूर नाही. गॅरेजवाले भाऊ म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे आली तेव्हा गाडी गार होती ना!” खरंच होती. पण स्कॅनर लावला असता तर कोड तिथेही दिसला असता, हे मी मनातच ठेवलं. उद्या संक्रांत.

जुना सेन्सर पर्समध्ये टाकलाय. बारावीच्या प्रॅक्टिकलला आलेखाच्या कागदासोबत हाच देणार. १.१ नंतरचा बिंदू कुठे काढायचा, ते पोरं विचारतीलच.