मोलोचनाकाठचे घर

दक्षिण युक्रेनमध्ये मोलोचना नदीच्या काठी मोलोचान्स्क नावाचे लहानसे गाव आहे. १८०४ साली ते वसले, तेव्हा त्याचे नाव हाल्बश्टाट होते. वसवणारे होते मेनोनाइट : शस्त्र हाती न धरणारे, बाप्तिस्मा जाणत्या वयात स्वेच्छेने घ्यावा असे मानणारे ख्रिस्ती शेतकरी. तेथील मुलींच्या जुन्या शाळेत त्यांच्या परदेशस्थ वंशजांनी २००१ साली एक सेवाकेंद्र उघडले. पुढे एका उन्हाळ्यात कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील एक निवृत्त शिक्षिका तेथे स्वयंसेविका म्हणून आली. तिच्या सामानात आजीने आठवणीने काढलेला गावाचा नकाशा होता. त्यात विहीर होती, तुतीचे कुंपण होते आणि एका चौकोनावर जर्मनमध्ये 'आमचे घर' असे लिहिले होते.

काम साधेच होते. सकाळी वृद्धांच्या जेवणासाठी बटाटे सोलायचे, दुपारी घरोघरी औषधे पोचवायची. रविवारी ती कुतुझोव्का गावातील जुन्या चर्चमध्ये जाई. सोव्हिएत काळात तेथे धान्य साठवले जात असे. रशियन प्रवचन तिला कळत नसे, पण गीतांचे सूर ओळखीचे वाटत. स्वयंपाकघरात तिला आणखी एक ओळख पटली. बीटाचा बोर्श्ट आणि दह्याच्या सारणाच्या व्हेरेनिके यांना ती जन्मभर 'आजीचे पदार्थ' म्हणत आली होती. ते मूळचे येथल्या शेजाऱ्यांचे होते.

ती येथे आली त्यामागे एक जुने ऋण होते. यादवी युद्धानंतर १९२१-२२च्या दुष्काळात या वसाहती उपाशी होत्या. त्याआधीच, १९२० साली, क्लेटन क्राट्झ हा अमेरिकन तरुण मदतकार्यासाठी हाल्बश्टाटला आला. त्याला अटक झाली आणि तो परतलाच नाही. १९२२मध्ये मात्र अमेरिकन मेनोनाइटांची अन्नछत्रे सुरू झाली. आजी त्या पंगतीत जेवली होती. पुढे १९२३पासून सुमारे २०,००० जण कॅनडाला गेले, त्यांत तीही होती. मागे राहिलेल्यांपैकी अनेक जण १९४३मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याबरोबर निघाले.

एके दुपारी औषधांच्या यादीतला पत्ता नकाशातल्या त्या चौकोनाशी जुळला. दार एका म्हातारीने उघडले. दुभाष्याने पाहुणी कोण ते सांगताच तिचा चेहरा उतरला. ''घर परत घ्यायला आलात का?'' तिने विचारले.

शिक्षिका नाही म्हणाली. पण क्षणभर अडखळून. तो क्षण तिला पुढे फार दिवस बोचत राहिला.

म्हातारीने तिला बसवून चहा दिला आणि आपली हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमधील आपल्या गावातून तिच्या आईवडिलांना हलवण्यात आले आणि या रिकाम्या घरात आणून ठेवण्यात आले. ऐकता ऐकता शिक्षिकेला आठवले की तिचे पूर्वजही विस्तुला नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे आजच्या पोलंडमधूनच, येथे आले होते. ते आले तेव्हाही ही भूमी ओसाड नव्हती. नोगाई पशुपालकांचे कळप या गवताळ प्रदेशात चरत असत. १८६०च्या सुमारास नोगाई तुर्कस्तानकडे निघून गेले. १९४१मध्ये जर्मन सैन्य आले, तेव्हा अनेक मेनोनाइटांनी त्याचे स्वागत केले. ज्यूंच्या हत्याकांडात काहींचा हातही होता. आजीच्या नकाशात यांपैकी काहीच नव्हते. नकाशात फक्त आपण होतो.

त्यानंतर ती दर आठवड्याला त्या घरी गेली, औषधे घेऊन. पितृभूमीत वारसदार म्हणून नव्हे, तर पाहुणी म्हणून जाता येते, एवढे तिला तेथे उमगले. पाहुणीने रिकाम्या हाताने जाऊ नये, हेही.

२०२२मध्ये रशियन सैन्याने मोलोचान्स्क ताब्यात घेतले आणि त्या इमारतीतील काम थांबले. नकाशा आता मॅनिटोबात आहे. नातवंडांना तो दाखवताना ती त्या चौकोनावर बोट ठेवते, आजीच्या नावामागोमाग म्हातारीचेही नाव सांगते. त्या म्हातारीचे पुढे काय झाले, असे मुले विचारतात. ते मात्र तिला सांगता येत नाही.