स्लॉटमध्ये बसवलेली मराठी

आज नवा मोबाइल खोक्यातून काढला की त्यात मराठी असतेच. १९९० च्या आसपास पुण्यात संगणकाला मराठी यायला हवी असेल, तर ती विकत आणावी लागे आणि कॅबिनेटचे स्क्रू काढून आत बसवावी लागे. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक नुकतंच उभं राहिलं होतं. संस्था १९८८ ची. तिचं नाव घरोघरी पोचलं ते डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये आलेल्या परम ८००० या महासंगणकामुळे, आणि ते योग्यच होतं. पण पेठांमधल्या आम्हा छपाईवाल्यांच्या कामात सी-डॅक शिरलं ते वेगळ्याच वस्तूच्या रूपाने. ती वस्तू म्हणजे जिस्ट कार्ड.

जिस्टचं मूळ काम कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी केलेलं. पुढे ते सी-डॅकमध्ये आले आणि ते काम पुण्यात वाढलं. कार्ड म्हणजे चिपा जडवलेली सर्किटची पाटी. तिच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असत आणि ती कडा मदरबोर्डावरच्या लांब काळ्या स्लॉटमध्ये दाबून बसवायची. संपर्क नीट होत नसला तर त्या पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या. पावसाळ्यात हे बरेचदा करावं लागे.

या कार्डाची गरज का होती, हे आता सांगावं लागतं. एका अक्षराला आठ बिट म्हणजे एकूण २५६ जागा. त्यातल्या निम्म्या इंग्रजीने आधीच घेतलेल्या. उरलेल्या १२८ जागांमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरं बसवली, तो इस्की संकेत. १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाला. साठवण्याची सोय झाली, पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, जोडाक्षर जुळवायचं, हे पडद्यावर करायचं कुणी? ते कार्ड करी. म्हणून देवनागरीचा गंधही नसलेल्या वर्डस्टार, डीबेस अशा त्या वेळच्या प्रोग्राममध्ये मराठी नावांच्या याद्या होऊ लागल्या. इतकं मोठं काम इतक्या शांतपणे झालं, की त्याची म्हणावी तशी नोंद आपण ठेवली नाही, असं मला मनापासून वाटतं.

कार्ड आत गेलं, तरी बाहेरचा कीबोर्ड इंग्रजीच राही. तिथे लेबलं कामाला येत. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळ-मांडणीतल्या अक्षरांची लेबलं एकेका कळीवर चिकटवायची. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के वर क, आणि शिफ्ट दाबली की ख. डी वर पाय मोडायचा. एन वर ल, शिफ्टसकट ळ. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला ही मांडणी पटकन उमगे. ई वरचा काना आधी पुसट होई, पण तोवर बोटांना त्याची जागा पाठ झालेली असे. तमिळ किंवा बंगालीसाठीही हीच मांडणी, त्याच आवाजाला तीच कळ. ही एकवाक्यता मला आजही थोर वाटते.

पाठीमागचा कागद सोलून चिकटवायची लेबलं स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये लॉस एंजेलिसला बनवायला घेतली. आमच्या शाळेत मात्र अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या लेबलांना मागे वाळका गोंद असे आणि तो ओला करून ती वह्यांवर लावायची. सोलायची लेबलं आमच्या हाती आली ती फ्लॉपीबरोबर. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की मजकूर पुसला जाण्याची भीती संपे. बोटभर कागदावर पुस्तकाची अख्खी जुळणी सुरक्षित राही.

कार्डावरच्या चिपांचं काळं कवचही तेव्हा डोळ्यांसमोर असे. आतला सिलिकॉनचा तुकडा नखाएवढा किंवा त्याहूनही लहान, त्याला केसाहून बारीक तारा जोडलेल्या, आणि ओल, धूळ, धक्का लागू नये म्हणून भोवती इपॉक्सी राळेचा साचा. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा प्रिंटरच्या पोर्टला हार्डवेअर लॉक लावायचं असे. अशा लॉकांमध्ये राळ ओतून सर्किट कायमचं बंद करायची पद्धत होती, म्हणजे कुणी उघडून नक्कल करू नये.

आता तपकीर गल्लीच्या आसपास दुरुस्तीवाल्याकडे फोन दिला, तर तो स्क्रूड्रायव्हरआधी गरम हवा हातात घेतो. मागची काच, पडदा, बॅटरी, सगळं गोंदाने बसवलेलं असतं. ऊब देऊन गोंद सैल केल्याशिवाय फोन उघडत नाही. वाढीव कार्ड बसवायला आत जागाच नसते. मराठीसाठी ती लागतही नाही, कारण मराठी फोनमध्ये आधीच असते. युनिकोड या आजच्या संकेतातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आहे. हातातल्या फोनमध्ये क, ख, ग, घ ज्या क्रमाने बसले आहेत, त्यामागे ते जुनं काम आहे. मुलं झरझर मराठी टाइप करतात, बोलूनही लिहितात, याचा मला आनंद आहे. कानपुरात आणि पुण्यात राबलेल्या माणसांना हेच तर हवं होतं.

काळजी वाटते ती मधल्या काळातल्या मजकुराची. इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये आणणं बऱ्यापैकी सोपं आहे. पण त्यानंतर खासगी फॉन्टांमध्ये जुळवलेली कितीतरी मराठी पुस्तकं, स्मरणिका आणि दिवाळी अंक आहेत. त्यात प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी निराळी, त्यामुळे फॉन्ट कोणता हे कळल्याशिवाय फाइल उघडली तर पडद्यावर निरर्थक खुणा दिसतात. ज्यांच्या कपाटात अशा फ्लॉपी किंवा सीडी पडून आहेत, त्यांनी त्या या उन्हाळ्यातच वाचून घ्याव्यात, आणि फाइलच्या नावाशेजारी फॉन्टचं नावही लिहून ठेवावं.