सहाव्या दिवशी सापडलेला जवान

हिवाळ्यात हिमालयात मुलं न्यायची होती. त्याआधी भालकीत बैठक घेतली, तेव्हा एका पालकाने हिमस्खलनाचं विचारलं. मी चटकन लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद यांचं नाव घेतलं. धारवाड जिल्ह्यातले हणमंतप्पा ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये गाडले गेले आणि सहाव्या दिवशी जिवंत सापडले. ‘माणूस तग धरतो,’ असं मी सांगितलं. पालक निर्धास्त झाले.

त्यांच्यासोबतचे नऊही जवान गेले, त्यांत साताऱ्याकडचे सुनील सूर्यवंशी होते. खुद्द हणमंतप्पांनी ११ फेब्रुवारीला दिल्लीत प्राण सोडला. हे मला ठाऊक होतं, तरी मी बोललो नाही. याची मला आजही लाज वाटते. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर वाचण्याची आशा चांगली असते. अर्ध्या तासानंतर ती फार थोडी उरते. थांबलेलं बर्फ घट्ट आवळतं, श्वास कोंडतो. एवढ्या वेळात पोहोचतात ते सोबतीच. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ठिकाणाचे संकेत देणारा बीकन, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी लागते. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

पुढची चूक डोंगरावर. दोन दिवस बर्फ पडून लख्ख ऊन पडलं होतं. वाटाड्या समोरचा उतार ओलांडायला नको म्हणत होता. परतीची तिकिटं काढलेली, म्हणून मीच हट्ट धरला. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार आणि ताज्या बर्फानंतरचे एक-दोन दिवस, धोका सर्वाधिक तेव्हाच. पाऊस उघडल्यावरही मांजरा नदीचं पाणी चढत राहतं, हे लहानपणापासून पाहिलेला मी निरभ्र आभाळाला भुललो. मुलं खेटून चालत होती. पायाखाली ‘धप्प’ झालं, वर बर्फाला लांब चीर गेली. वाटाड्याने एकेकाला अंतर ठेवून मागे घेतलं. उतारावरचं बर्फ सुटलं नाही, एवढ्यावरच आमचे जीव वाचले.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले पंचवीसहून अधिक जण हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. ते तर शिकलेले, शिकणारे लोक होते.

बिदर, बसवकल्याण, आळंदहून मुलं नेणाऱ्या शिक्षकांनो, संरक्षण खात्याची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते निघण्याआधी बघा. आणि वाटाड्या नको म्हणाला, तर तिकिटं बुडू द्या.