अंथरूण आणि पलंग

निजण्याच्या जागेसाठी मराठीत असलेल्या शब्दांपैकी दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. 'अंथरूण' हे 'अंथरणे' या क्रियापदातून आलेले. ते रोज रात्री घडते आणि सकाळी गुंडाळले जाते. 'पलंग' हा संस्कृत 'पर्यंका'चा वंशज. तो एकदा मांडला की सहसा जागचा हलत नाही. हा भेद आम्हां उभयतांना इतके दिवस केवळ भाषिक वाटत असे. मुलांच्या खोलीसाठी पलंग घ्यायचे ठरले आणि तो चौरस फुटांत मोजावा लागला.

खोली १० फूट लांब, ९ फूट रुंद. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. आजवर दोघेही जमिनीवर गाद्या घालून झोपत. या व्यवस्थेची थोरवी मुंबईकराला सांगायला नको. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत अख्खी कुटुंबे नांदली ती वळकटीच्याच बळावर. दिवसा जिथे पंगत आणि अभ्यास, तिथेच रात्री सतरंज्या. परंतु जी जागा रोज सकाळी नाहीशी होते तिच्यावर कोणाची मालकी बसत नाही. मुलीने मागितले ते नेमके हेच: उशीखाली ठेवलेली वही दुसऱ्या दिवशीही तिथेच असावी. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली लेखिकेसाठी स्वतःची खोली मागितली. आमच्याकडची मागणी ६ फूट बाय ३ फुटांची होती.

तेवढ्या मापाचे दोन पलंग शेजारी मांडले तर ९० पैकी ३६ चौरस फूट गेले. उरलेल्यात कपाट आणि अभ्यासाचे टेबल बसले असते, खेळणे बसले नसते. मग दुकानदाराने मोठ्या उत्साहाने एका पलंगाच्या पोटात सरकणारा, चाकांवरचा दुसरा पलंग दाखवला. दिवसा जागा निम्मी अडते, हे खरे. रात्री मात्र तो बाहेर ओढायला तेवढीच मोकळी जमीन लागते. आमचा खरा आक्षेप निराळा होता. या रचनेत एका मुलाचा पलंग खराखुरा आणि दुसऱ्याचा खणातला. धाकटा आपल्याच खोलीत कायमचा पाहुणा. गाद्या घालत होतो तेव्हा निदान दोघेही सारखेच बेघर होते.

उरला दुमजली पलंग. वर कोण झोपणार हा तंटा अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने परस्पर मिटवला: ६ वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये, असा त्याचा सल्ला आहे. वरचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून निदान ५ इंच उंच हवा, हाही दंडक तिकडचाच. म्हणून वरची गादी पातळ घ्यायची. आपल्या घरांत मात्र मोठा प्रश्न छताच्या पंख्याचा. आमचे छत साडेनऊ फुटांवर, पंख्याची पाती साडेआठ फुटांवर, वरची गादी साडेपाच फुटांवर. पलंग भिंतीला टेकवला तरी ४८ इंची पंख्याचे वर्तुळ अर्धा फूट त्याच्यावर येते. तिथे बसून मुलीने केस बांधायला हात उंचावले की पुढचे सांगायला नको. पंखा काढून भिंतीवरचा लावावा लागेल, हे पलंग विकणाऱ्या एकानेही आपण होऊन सांगितले नाही. तापाने फणफणलेल्या मुलीच्या कपाळावर पट्टी ठेवायला मध्यरात्री शिडी चढावी लागेल, मच्छरदाणी दोन मजल्यांवर दोनदा बांधावी लागेल, हे तर विक्रीकलेत बसतच नाही. असो.

हे सारे मान्य करूनही आम्ही दुमजलीच ठरवला. यात जाईल काय तेही दिसते आहे. शेजारच्या गाद्यांवरून दिवा मालवल्यावर चालणारी कुजबुज, एका पांघरुणावरून होणारी ओढाताण, यांना समोरासमोर असावे लागते. प्लायच्या फळीतून ती जाणार नाही. किंबहुना ती थांबावी असेच मुलीला हवे आहे, आणि हे तिच्या भावाला समजावणे पंखा काढण्याहून अवघड गेले.

सध्या सुतार मापे घेऊन गेला आहे. वरच्या मजल्याला पडदा आणि उशाशी छोटा दिवा, ही मुलीची जादा मागणी मंजूर झाली. पुढच्या वर्षी मुलगा ६ वर्षांचा होईल आणि वरच्या जागेवर हक्क सांगेल. त्याला द्यायचे उत्तर मुलीने वहीत आधीच लिहून ठेवले आहे, असे ऐकतो. वही आम्ही उघडलेली नाही.