अम्माची वाडी

अम्माने आम्हाला तिचा चेहरा कधीच काढू दिला नाही. हजच्या अर्जासाठी काढलेला एक फोटो तेवढा घरात आहे, तोही कपाटात. शाळेला सुट्टी असली की आम्ही तैलरंग घेऊन बसतो हे तिला ठाऊक होते. पण "माझी तसबीर भिंतीवर लावशील, मग त्या खोलीत नमाज कोण पढेल?" हा तिचा सवाल. कुवेतला असलेल्या भावाने अम्माचे चित्र दोनदा मागितले. तिने दोनदा नाही म्हटले.

चेहरे आम्ही शिकलो ते आरशात बघून आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना पडवीत बसवून. कोकणातल्या माणसाचा रंग नुसता तपकिरी नसतो. उन्हाकडच्या गालावर पिवळी माती लागते, सावलीच्या बाजूला किंचित हिरवट निळा. हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. त्या कॅनव्हासांपैकी एकही आम्ही भिंतीवर लावला नाही.

सजीवांची चित्रे काढू नयेत, असे बहुतेक उलेमा सांगतात. काही जण थोडी सवलत देतात. चित्रांवर पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे आला, तेव्हा काढायचेच असेल तर झाडे आणि ज्यात जीव नाही अशा वस्तू काढ, असे त्यांनी सांगितल्याचे हदीसच्या किताबांत आहे. दुसरीकडे, 1922 ते 1924 या काळात खलिफा असलेले शेवटचे उस्मानी खलिफा अब्दुलमजीद स्वतः तैलरंगात माणसांची चित्रे काढत. त्यांची मुलगी दुर्रेशहवार 1931 मध्ये हैदराबादच्या निजामांची सून झाली. आपल्या महाराष्ट्रातले आबालाल रहिमान जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. व्यक्तिचित्रांत त्यांचा हात तयार होता, तरी कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याकाठी राहून ते पाणी, झाडे आणि उजेड रंगवत राहिले. आम्ही फतवा देणारे कोण? घरात अम्माचा शब्द होता, तो आम्ही पाळला आणि ईझल घेऊन वाडीत गेलो.

उघड्यावर रंगवणे सोपे नाही. सकाळचा उजेड तासा-दीड तासात बदलतो. ट्यूबमधला तयार हिरवा लावला की माड प्लास्टिकचा दिसतो. निळ्यात पिवळी माती मिसळून तो करावा लागतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ ठेवायचा, जवसाचे तेल वरच्या थरांत वाढवायचे. उलटे केले तर पुढे तडे जातात. आणि श्रीवर्धनच्या दमट हवेत प्रत्येक थर सुकायला दुप्पट सबुरी लागते.

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. संध्याकाळी दार उघडले तेव्हा वाडीत आभाळ दिसत होते. जिथे कधी ऊन जमिनीला लागले नव्हते, तिथे पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. पोफळ लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. अम्मा रडली नाही. आठवड्याने म्हणाली, "चित्रे काढतोस ना? मग होती तशी वाडी काढून दे."

शाळा बंदच होत्या. समोर पडलेले बुंधे आणि शेजारी खुर्चीवर अम्मा. ती सांगायची, आम्ही रंगवायचो. "विहिरीजवळचा माड समुद्राकडे कललेला होता, तू सरळ केलास." "ही पोफळ तुझ्या बाबांनी आमच्या लग्नाच्या साली लावलेली, खालून जाड होती." "इथे तुझा भाऊ पडला होता, दगड काढ." आम्ही पुसायचो, पुन्हा काढायचो. ज्या झाडांखाली वाढलो, ती आम्ही नीट पाहिलीच नव्हती, हे तेव्हा उमगले. तिला मात्र प्रत्येक झाड वेगळे आठवत होते. पावसाळा सरला तेव्हा चित्र पुरे झाले. अम्माने स्वतः जागा सांगितली: तिच्या नमाजच्या खोलीत, दाराशेजारी.

दोन वर्षांनी अम्मा अल्लाहच्या रहमतीत गेली. तिचा चेहरा काढला नाही याची खंत वाटते का? वाटते, खोटे कशाला बोलावे? भाऊ सुट्टीवर आला, तेव्हा आम्ही विचारले, हे चित्र घेऊन जातोस का? बराच वेळ बघून तो म्हणाला, "इथेच राहू दे. हा दगड कुणी सांगितला तुला?"

त्या खोलीत आजही नमाज होते. बाहेर पोफळीची नवी रोपे कमरेच्या वर आली आहेत. आम्ही त्यांना पाणी घालतो आणि आता त्यांच्याकडे नीट पाहतो. अल्लाह अम्माची मगफिरत करो. आमीन.