जिथे शरीर म्हणेल, तिथे मुक्काम

प्रवासाला निघायच्या दिवशी घरातील वृद्ध व्यक्ती सकाळपासून पाणी पिणे टाळते, हे आपण कधी पाहिले आहे काय? लघुशंकेसाठी वारंवार गाडी थांबवायला सांगणे नको, एवढाच त्यामागील हेतू असतो. हाच संकोच पुढे ‘तुम्हीच जाऊन या, मी घरी बरी’ या उत्तरात बदलतो. माझी आई शहाहत्तराव्या वर्षी क्राइस्टचर्चला भावाकडे आली, ती विमानात स्वच्छतागृह असते म्हणून. तिथून पुढे मात्र कोठेही जाण्यास ती राजी नव्हती.

अखेर भावाने पाच दिवसांसाठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. बिछाना, शेगडी, छोटा फ्रीज आणि शौचालय सोबत घेऊन फिरणारे हे वाहन. मुक्कामाचे ठिकाण ठरवलेले नव्हते. केवळ दिशा ठरलेली होती.

बर्क्स पासची खिंड ओलांडली की मॅकेंझी खोरे उघडते. मार्च महिना तिथला शरदऋतू. दूरवर सोनेरी गवत, मेंढ्यांचे कळप आणि क्वचित एखादे घर. पुढे टेकापो आणि पुकाकी ही सरोवरे लागतात. हिमनद्या खडक घासत सरकतात, त्याची पिठासारखी बारीक पूड पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाश विखुरते; म्हणून ते पाणी दुधाळ निळे दिसते.

त्या दिवशी ३,७२४ मीटर उंचीच्या आओराकी शिखराच्या पायथ्याशी पोहोचावे, असा आमचा विचार होता. पुकाकीच्या काठी चहासाठी थांबलो. आईने दुसरा कप मागून घेतला आणि म्हणाली, “आज इथंच राहिलो तर चालेल का रे?” कित्येक वर्षांत प्रवासात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. जवळच मुक्कामाची परवानगी असलेली जागा होती. शिखर समोर दिसतच होते. पायथा राहिला, तरी कोणाचे काही बिघडले नाही.

रात्री गरम कपडे घालून आम्ही बाहेर बसलो. या भागातील अंधार मुद्दाम जपलेला आहे. २०१२ पासून तो आंतरराष्ट्रीय संरक्षित अंधार-आकाश क्षेत्र आहे. आपल्याकडे दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा अगस्ती तिथे जवळजवळ डोक्यावर होता आणि मृग नक्षत्र उलटे. आई बराच वेळ ते निरखत होती.

मात्र मुक्काम न ठरवणे म्हणजे तयारी न करणे नव्हे. अशा भागात औषधांची दुकाने विरळ असतात आणि फोनला काही ठिकाणी रेंज नसते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि काही दिवस जास्तीची घ्यावीत. इन्शुलिन फ्रीजमध्ये ठेवावे. पण ते गोठता कामा नये. न्यूझीलंडमध्ये मध नेण्यास बंदी आहे, त्यामुळे मध घातलेला च्यवनप्राश घरीच ठेवावा. तातडीच्या मदतीसाठी तिथला क्रमांक १११ आहे. गाडीची पायरी उंच व आतली वाट अरुंद असते. गुडघे दुखणाऱ्यांनी भाड्याने घेण्यापूर्वी चढून-उतरून पाहावे. तासा-दीड तासाने उतरून चार पावले चालावे. शौचालयाची टाकी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करावी लागते. हे काम तरुणांनी कुरकुर न करता अंगावर घ्यावे. वृद्धांचा संकोच आपल्या चेहऱ्यावरील आठ्यांनीच वाढतो.

कॅम्परव्हॅन प्रत्येकाला मिळेल असे नाही. तथापि कोकणात जा वा पंढरपूरला, दिवसाचे अंतर निम्मे करणे आणि थांबण्याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्यांकडे सोपवणे आपल्या हाती आहे.

पाचव्या दिवशी परतीला निघताना आईने पाण्याची बाटली काठोकाठ भरून घेतली. वाटेत ती रिकामीही झाली.